मदनकोद्रव : बदलते ऋतुमान आणि धान्यातील कवकविषे

धान्याचा दाणा म्हणजे वनस्पतीने आपल्या पुढील पिढीसाठी बांधून ठेवलेली शिदोरी होय. या शिदोरीवर माणसाप्रमाणेच इतर अनेक जीवांची नजर असते. पाखरे कणसे टिपतात, उंदीर पोती कुरतडतात, किडे दाणे पोखरतात. हे नुकसान डोळ्यांना दिसते आणि त्याचा बंदोबस्तही करता येतो. कवक अथवा बुरशी हा वाटेकरी मात्र निराळ्या जातीचा आहे. तो दाण्यातील थोडेसे अन्न खातो आणि त्या बदल्यात कधी कधी विष मागे ठेवून जातो. दाणा धुतला, पाखडला, शिजविला, तरी हे विष बहुतांशी टिकून राहते. कवक मरून गेल्यावरही ते राहते, आणि दाण्याचा रंग, वास किंवा चव यांवरून ते ओळखता येईलच असेही नाही.

अशा विषांना कवकविषे म्हणतात. त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तसा अलीकडचा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता घेता त्यांच्या खाद्यात मिसळलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत आणि त्या पेंडीतील अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या कवकापर्यंत संशोधक पोहोचले. त्या कवकाच्या नावावरूनच विषाला ‘अ‍ॅफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. यकृताचा कर्करोग निर्माण करणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांत त्याची आज निःसंशय गणना होते. परंतु धान्य खाऊन मनुष्य बाधतो ही गोष्ट भारतीय शेतकऱ्याला या शोधाच्या कित्येक शतके आधीपासून ठाऊक होती. तिची सर्वांत जुनी खूण कोद्रा या भरड धान्याच्या नावाला चिकटलेली आहे.

माज आणणारे धान्य

कोद्रा, कोदो किंवा कोकणातील हरीक ही एकाच धान्याची नावे. संस्कृतात त्याला ‘कोद्रव’ म्हणतात. ज्या कोद्रवाच्या सेवनाने गुंगी येते, त्याला ‘मदनकोद्रव’ असे स्वतंत्र नाव होते. जैन तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत मोहनीय कर्माचे स्वरूप समजावून सांगताना याच धान्याचा दृष्टांत योजिलेला आढळतो. कोद्रव धुतल्याने त्याची मादक शक्ती काहीशी क्षीण होते आणि काहीशी शिल्लक राहते. त्याप्रमाणे जीवावरील मोहाचा पगडा अंशतः दूर होतो, असा त्या दृष्टांताचा आशय आहे. दृष्टांत नेहमी श्रोत्यांच्या परिचयातील वस्तूचा देतात. त्यावरून कोद्रवाचा हा गुण त्या काळी सर्वांना माहीत असावा, हे उघड आहे.

छत्तीसगढ व त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील डोंगराळ भागात कोदो हे आजही गरिबाघरचे अन्न आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत ते येते. त्याला खत फारसे लागत नाही. पावसाने ओढ दिली तरी ते तग धरते. कठीण टरफलामुळे त्याला कीड सहजी लागत नाही आणि कोठीत ते वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळात शेवटी हाताशी उरणारे धान्य अशी त्याची ख्याती आहे. तथापि काही वर्षी हेच धान्य बाधते. खाणाऱ्याला चक्कर येते, उलट्या होतात, हातपाय कापू लागतात, जीभ जड होते, उभे राहवत नाही आणि झापड येते. बहुधा एक ते तीन दिवसांत माणूस सावरतो. अशा धान्याला लोक ‘मतौना कोदो’ म्हणजे माजविणारा कोदो म्हणतात. १९२२ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या नियतकालिकात या विषबाधेची वैद्यकीय नोंद प्रसिद्ध झाली होती.

दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र पुष्कळ काळ अनुत्तरित राहिला. तोच कोदो, तीच जमीन, तोच शेतकरी. मग एका वर्षी धान्य अन्न ठरते आणि दुसऱ्या वर्षी विष, असे का व्हावे? याचे उत्तर लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेतील बी. एल. राव आणि अख्तर हुसेन यांनी १९८५ मध्ये दिले. बाधलेल्या कोदोत त्यांना सायक्लोपियाझोनिक आम्ल हे कवकविष आढळले. त्या धान्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अ‍ॅस्परजिलस टॅमॅरी ही कवके ते निर्माण करतात, हेही त्यांनी दाखविले. स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम उचलून पुन्हा साठ्यात नेणारी एक यंत्रणा असते. तिच्यामुळे आकुंचन पावलेला स्नायू सैल पडतो. हे आम्ल नेमकी तीच यंत्रणा बंद पाडते. थरथर आणि लुळेपणा ही लक्षणे या माहितीशी जुळणारी आहेत. दोष धान्याच्या बीजात नव्हता. दाणा पक्व होताना आणि पक्व झाल्यावर त्याला मिळालेल्या हवेत होता.

बांधवगडचे हत्ती

२०२४ च्या ऑक्टोबरअखेर या जुन्या विषबाधेने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. मध्य प्रदेशातील उमरिया जिल्ह्यात बांधवगड व्याघ्र प्रकल्प आहे. तेथील तेरा हत्तींच्या एका कळपातील काही हत्ती २९ ऑक्टोबर रोजी मृतावस्थेत आढळले, तर काही जमिनीवर पडून तडफडत होते. तीन दिवसांत मृतांची संख्या दहावर गेली. प्रथम घातपाताचा संशय घेण्यात आला. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने इंद्रियांच्या नमुन्यांची तपासणी केली, तेव्हा कीटकनाशके अथवा जड धातू यांचा मागमूस लागला नाही. आढळले ते सायक्लोपियाझोनिक आम्ल. हत्तींनी जंगलालगतच्या शेतांतील बाधित कोदो मोठ्या प्रमाणावर खाल्ला होता.

बांधवगडात पूर्वी हत्तींचा कायम वावर नव्हता. २०१८ मध्ये छत्तीसगढातून सुमारे चाळीस हत्तींचा कळप तेथे आला आणि स्थिरावला. मनुष्य एका वेळी मूठ दोन मुठी धान्य शिजवितो. हत्ती उभे शेत फस्त करतो. माणसाला दोन दिवस निजवणारे विष हत्तीला ठार करू शकते ते या मात्रेमुळे. या घटनेनंतर परिसरातील शेतांत उभा असलेला कोदो नष्ट करण्यात आला. हत्तींच्या रक्षणासाठी तो उपाय समजण्यासारखा होता. पण ज्या कुटुंबांची वर्षाची बेगमी त्या शेतांत होती, त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. विष हवामानाने घडविले, शिक्षा मात्र पिकाला झाली.

एकाच घटनेवरून हवामान बदलले असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य होणार नाही. मतौना कोदो प्राचीन काळीही होता. खरा प्रश्न असा आहे की, ज्या परिस्थितीत कवक विष निर्माण करते, ती परिस्थिती आता अधिक वेळा उद्भवू लागली आहे काय? तो सोडविण्यासाठी आधी कवकाच्या गरजा समजून घेतल्या पाहिजेत.

ओल, उष्णता आणि ताण

कवकाला तीन गोष्टी लागतात : अन्न, ओल आणि मानवेल असे तापमान. अन्न दाण्यातच असते. राहता राहिल्या ओल आणि उष्णता. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस हे उष्ण प्रदेशातील कवक असून तीस अंश सेल्सियसच्या आसपास व त्याहून थोड्या अधिक तापमानात ते जोमाने वाढते. दाण्यातील पाण्याचा अंश १३ ते १४ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्याला बहुधा डोके वर काढता येत नाही. हा अंश थोडा वाढला की ते जागे होते. एकदा वाढू लागले की त्याच्या श्वसनातून पाणी आणि उष्णता बाहेर पडतात, आणि धान्याची रास आतल्या आत आणखी ओली व आणखी ऊन होत जाते. सुरुवातीला एका कोपऱ्यात असलेला दोष काही दिवसांत सबंध राशीत पसरतो, तो असा.

शेतात उभ्या पिकाची कथा थोडी वेगळी आहे. दाणे भरताना पाण्याचा ताण पडला, म्हणजे वनस्पतीची प्रतिकारशक्ती खालावते, दाण्यांना तडे जातात, किडी वाढतात, आणि कवकाला आत शिरण्यास वाट मिळते. त्यानंतर कापणीच्या वेळी पाऊस आला की विषनिर्मितीला पूर्ण वाव मिळतो. म्हणजे आधी ताण आणि मागाहून ओल, हा क्रम सर्वांत धोक्याचा.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत हाच क्रम घडून आला. त्या वर्षी पावसाने दीर्घकाळ ओढ दिली आणि मका कापणीला आला असताना अवेळी पाऊस पडला. भिल्ल कुटुंबांनी तोच मका घरात साठविला आणि खाल्ला, कारण खाण्यासारखे दुसरे काही नव्हते. कावीळ आणि जलोदर यांनी लोक आजारी पडू लागले. त्याच घरांतील उष्टे खाणारी कुत्रीही मेली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेल्या तपासणीत मक्यात अ‍ॅफ्लाटॉक्सिनचे प्रमाण दर किलोग्रॅममागे ६ ते १५ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. आज भारतात तृणधान्यांसाठी ठरविलेली मर्यादा दर किलोग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या मक्यात मर्यादेच्या शेकडो पट विष होते.

सर्वच कवके उष्णताप्रिय नसतात, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. बाजरीवरील अरगट हा रोग पीक फुलोऱ्यात असताना थंड व दमट हवा मिळाली की फैलावतो. १९५० नंतरच्या दशकात तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटयुक्त बाजरीने विषबाधा झाली होती. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. तेथे फ्युजेरियम वर्गातील कवकांचे फ्युमोनिसिन हे विष आढळले. सारांश, प्रत्येक कवकाची स्वतःची हवा असते. हवामान बदलले म्हणजे सगळीच विषे सारख्या प्रमाणात वाढतील असे नव्हे. कोणते विष कोठे आणि केव्हा उद्भवेल याचा नकाशा बदलेल.

असा नकाशा बदलत असल्याची चिन्हे युरोपात स्पष्ट दिसली आहेत. तेथील शेतकऱ्याला अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे परदेशातून येणाऱ्या मालातील विष म्हणून ठाऊक होते. २००३ च्या तीव्र उन्हाळ्यात इटलीच्या उत्तर भागातील मक्यात ते आढळले. २०१२ च्या अवर्षणानंतर सर्बियातील मक्यात व त्यामागोमाग गाईंच्या दुधात ते उतरले. तापमान दोन अंशांनी वाढल्यास दक्षिण युरोपातील मक्याला हा धोका नेहमीचा होईल, असे गणिती प्रतिमानांच्या आधारे २०१६ मध्ये मांडण्यात आले.

पिकाचे पंचांग आणि पावसाचे पंचांग

कवकविषांचा प्रश्न शेवटी दोन पंचांगांच्या मेळाचा आहे. महाराष्ट्रातील ज्वारीच्या इतिहासावरून हे चांगले समजते. जुन्या उंच खरीप जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवत. पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेत त्यांचे दाणे भरत. पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून शेतकऱ्याने पीक आणि पाऊस यांची सांगड घातलेली होती. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण प्रसृत झाले आणि त्यापाठोपाठ इतर आले. ही वाणे लवकर तयार होत व उत्पन्नही भरघोस देत. परंतु त्यांचे दाणे ऐन पावसात पक्व होत. परिणामी कणसांवर बुरशी चढून ज्वारी काळी पडू लागली. येथे पाऊस जागच्या जागी होता. पिकाचे पंचांग पुढे सरकले होते.

आज याच्या उलट घडत आहे. पीक आपल्या वेळेवर तयार होते, पण पावसाने आपले पंचांग बदलले आहे. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. वायव्य भारतातून त्याच्या परतीला होणारा प्रारंभ पूर्वी १ सप्टेंबर मानला जाई, तो आता १७ सप्टेंबर मानला जातो. मध्य भारतातूनही पाऊस पूर्वीपेक्षा उशिरा माघार घेतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. दुसरीकडे, १९५१ ते १९८० या कालखंडाच्या तुलनेत नंतरच्या तीस वर्षांत पावसाळ्यातील कोरडे खंडही अधिक वेळा पडू लागले. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा तो मुसळधार येतो आणि दोन पावसांमधील अंतर लांबते. आधी ताण आणि मागाहून ओल, या ज्या क्रमाने १९७४ मध्ये घात केला, त्याला पोषक अशीच ही परिस्थिती आहे.

धानाच्या कोठारातील प्रश्न

रायपूर ही या दृष्टीने अभ्यासाची उत्तम जागा होय. छत्तीसगढला ‘धानाचा कटोरा’ म्हणतात. रायपूर येथे डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात भाताच्या हजारो स्थानिक वाणांचा संग्रह उभा केला. तो वारसा तेथीलच इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आहे. हलक्या जमिनीत लवकर येणारी, खोलगट जमिनीत उशिरा येणारी, अशी शेकडो वाणे त्या संग्रहात आहेत. एका अर्थी हा संग्रह म्हणजे पिकाच्या पंचांगांचाच संग्रह होय.

भात हे मक्याइतके नाजूक पीक नाही. तुसाचे कवच दाण्याचे रक्षण करते. खरा धोका कापणीनंतर सुरू होतो. कापलेला धान शेतातच पसरून दोन-चार दिवस वाळवितात. या पसरलेल्या धानाला छत्तीसगढात ‘करपा’ आणि लगतच्या भंडारा-गोंदिया भागात ‘कडपा’ म्हणतात. कोरडा ऑक्टोबर गृहीत धरून ही पद्धत रूढ झाली. आता परतीचा पाऊस किंवा बंगालच्या उपसागरातील वादळाचा पाऊस या कडप्यांवर पडतो आणि दाणे जमिनीवरच काळे पडू लागतात, कधी त्यांना अंकुरही फुटतात.

पुढचा टप्पा सरकारी खरेदीचा. २०२४-२५ च्या हंगामात छत्तीसगढ शासनाने आधारभूत किमतीने सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केला. खरेदीच्या निकषानुसार धानात १७ टक्क्यांपर्यंत ओल चालते. दीर्घकाळ साठवणुकीसाठी मात्र ती १४ टक्क्यांच्या आत असावी लागते. मधल्या तीन टक्क्यांत कवकाचे सारे आयुष्य सामावलेले आहे. खरेदी केंद्रांवर व संग्रहण केंद्रांवर धानाच्या थप्प्या उघड्यावर, ताडपत्रीखाली लावलेल्या असतात. वेळेवर उचल झाली आणि ऊन पडले तर काही बिघडत नाही. उचल लांबली आणि अवेळी पाऊस आला, तर ताडपत्रीखालची दमट ऊब कवकाच्या पथ्यावर पडते.

अशा धानात विष तयार झालेच, तर ते मुख्यतः दाण्याच्या बाहेरील थरांत असते. पॉलिश करताना त्याचा मोठा भाग कोंड्याबरोबर निघून जातो. खाणाऱ्याची सुटका झाली असे वाटते. पण कोंडा गुरांच्या खाद्यात जातो, आणि गाय अ‍ॅफ्लाटॉक्सिनचे रूपांतर करून त्याचा काही अंश दुधावाटे बाहेर टाकते. ताटातून काढून टाकलेले विष अशा रीतीने पेल्यात परत येऊ शकते.

इलाज

यावरचे उपाय अद्भुत नाहीत. किंबहुना बरेचसे जुनेच आहेत. पहिला उपाय वाळवणीचा. धान्य जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा पक्क्या खळ्यावर पसरावे, पावसाची चिन्हे दिसताच झाकावे, आणि पूर्ण वाळल्याखेरीज कोठीत भरू नये. दाताखाली दाणा कडकन फुटला म्हणजे तो वाळला, ही जुनी परीक्षा उपयोगी आहे; ओल मोजण्याचे छोटे यंत्र गावच्या सोसायटीत असल्यास ती अधिक नेमकी होईल. दुसरा उपाय निवडीचा. रंग उडालेले, काळे, फुटके, कीड लागलेले दाणे वेगळे काढल्याने विषाचा मोठा भाग निघून जातो, कारण विष साऱ्या राशीत सारखे वाटलेले नसते. थोड्या दाण्यांत ते पुष्कळ असते. असे वेगळे काढलेले दाणे जनावरांना घालणे म्हणजे धोका एका दारातून दुसऱ्या दारी नेणे होय. तिसरा उपाय वाणांच्या निवडीचा. पावसाचे पंचांग बदलले तर पिकाचेही बदलावे लागेल, आणि त्यासाठी रायपूरसारख्या संग्रहांतील वाणांचा उपयोग होईल. चौथा उपाय प्रयोगशाळेचा. कवकविष डोळ्यांना दिसत नाही; म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात धान्याची तपासणी वेळीच व्हावी, आणि ज्या वर्षी हवा प्रतिकूल असेल त्या वर्षी आगाऊ इशारा देता यावा, अशी व्यवस्था हवी.

या उपायांना आज विशेष महत्त्व आले आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. त्याआधीच, २०२१ मध्ये, छत्तीसगढात भरड धान्यांसाठी स्वतंत्र अभियान सुरू होऊन कोदोची क्विंटलला ३,००० रुपये दराने खरेदी होऊ लागली. अवर्षणात तगणारे, कमी पाण्यात येणारे हे धान्य बदलत्या हवामानातील आधार म्हणून पुढे आणले जात आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु जे पीक कोरड्या काळाला तोंड देते, ते कापणीच्या वेळच्या ओलीला तोंड देईलच असे नाही. शेतातील चिवटपणा हा खळ्यावरील सुरक्षितपणा नव्हे. कोदोला बाजारपेठ द्यायची, तर वाळवणीची जागाही दिली पाहिजे. नाहीतर घरापुरते असलेले संकट पोत्यांतून दूरवरच्या शहरांपर्यंत जाईल.

जुन्या काळी मदनकोद्रवाचा अनुभव आलेला शेतकरी नवा कोदो लगेच खात नसे; तो काही महिने कोठीत ठेवून मग काढी, धुई, थोडासा खाऊन पाही. त्याच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, पण घाई न करण्याइतकी मुभा होती, कारण गेल्या वर्षीचे धान्य कोठीत शिल्लक असे. पंचमहाल आणि बांसवाडा येथील कुटुंबांपाशी ते नव्हते. काळा पडलेला मका दिसत असूनही त्यांनी तो खाल्ला. कवकाला ओल आणि उष्णता मिळाली की विष तयार होते. ते माणसाच्या पोटात जाते, ते मात्र बहुधा कोठी रिकामी असल्यामुळे. म्हणूनच बदलत्या ऋतुमानाचा विचार करताना पावसाच्या तारखांबरोबर या कोठीचाही विचार करावा लागतो.